आरोग्याची पत्रकं काढताय? मग या चुका टाळा

बारा वर्षं झाली, गोव्यातल्या डिचोली-सत्तरी भागात आमची छोटीशी संस्था आरोग्याची पत्रकं काढते. दर पावसाळ्याआधी नवीन पोरं येतात, हुशार असतात, उत्साही असतात आणि त्याच त्याच चुका करतात. सांगून सांगून घसा बसला म्हणून आता लिहूनच ठेवतेय.

मजकूर तपासला, चित्र कोण तपासणार?

ही माझी स्वतःची चूक, म्हणून जास्त बोलते. जुलाबाचं पत्रक होतं. मजकूर चोख, मोठं ओआरएसचं (जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याचं) पाकीट एक लिटर पाण्यात, पाणी उकळून गार केलेलं, चोवीस तासांत संपवा नाहीतर ओतून द्या. दोन डॉक्टरांनी वाचून सह्या केल्या. चित्र काढणाऱ्या मुलीने मात्र छान काचेचा ग्लास काढला आणि त्यात पाकीट ओतणारा हात, दिसायला इतकं गोड की आम्ही सगळ्यांनी वाहवा केली आणि छापून टाकलं.

महिन्याभराने सत्तरीत एका घरी गेलो तर ती बाय म्हणते, पोर ते पाणी घेतच नाही, थुंकून टाकतं. म्हटलं, करून दाखव बघू कसं करतेस. तिने अख्खं लिटरवालं पाकीट एका पेल्यात रिकामं केलं, चमच्याने ढवळलं आणि माझ्यापुढे धरलं. मी चाखलं तर चक्क समुद्र! लिटरभर पाण्याचं मीठ २०० मिलीत, म्हणजे पाचपट. जुलाबाने सुकलेल्या बाळाला असलं पाजलं तर रक्तातलं सोडियम चढतं, झटके येऊ शकतात. मी तिला विचारलं, कागदावर एक लिटर लिहिलंय ना? ती म्हणाली, लिहिलेलं कोण वाचतो, चित्र आहे ना. तिचं काय चुकलं सांगा. पोराला अक्कल होती म्हणून थुंकलं आणि आम्ही वाचलो.

त्यात घोळ असा की फार्मसीत २०० मिलीचं छोटं पाकीटही मिळतं, त्याला ग्लासच बरोबर, आणि ते कोणी लिटरभर पाण्यात घातलं तर फायदा जवळजवळ शून्य. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये प्रमाण बदलून लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज केलं, ते उगाच नाही. आता आमच्या पत्रकावर दोन्ही पाकिटांची चित्रं आहेत, मोठ्याशेजारी एक लिटरची पाण्याची बाटली, छोट्याशेजारी ग्लास, आणि 'पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी' हे वाक्य सगळ्यात मोठ्या अक्षरात.

तेव्हापासून माझी सवय, छापायच्या आधी पाच जणांच्या हातात कागद द्यायचा, त्यातले निदान दोन जण चष्मा लागूनही तो न घालणारे. 'समजलं का' असं विचारायचंच नाही, आपल्याकडे घरी आलेल्या माणसाला नाही समजलं असं कोण तोंडावर सांगतो? 'करून दाखव' म्हणायचं. याला दोन दिवस जातात. नवीन पोरांना हे दोन दिवस फार जड जातात, त्यांना रात्रीच प्रेसला फाईल पाठवायची असते. मी पाठवू देत नाही.

इंग्लंडची साखर डिचोलीत

एका मुलाने मधुमेहाचं पत्रक एका दिवसात तयार करून आणलं. भाषा सुंदर, मी खूश. मग वाचलं, 'जेवणाआधी साखर ४ ते ७ असावी.' ब्रिटिश वेबसाईटवरून उचललेलं! तिथे रक्तातली साखर मिलिमोलमध्ये मोजतात, आपल्याकडे मिलिग्रॅममध्ये, म्हणजे त्यांचे ७ म्हणजे आपले १२६, सरळ १८ ने गुणायचं. घरच्या मशीनवर ११० बघून एखाद्या आजीने धसका घेतला असता, किंवा ७ आणायच्या नादात जेवण सोडून गोळ्या घेतल्या असत्या. खाली ॲम्ब्युलन्सचा नंबरही ९९९ तसाच होता, १०८ नाही! वेबसाईट खरी होती, माहितीही खरी होती, पण तिथल्या लोकांसाठी. भाषांतर म्हणजे नुसते शब्द बदलणं नव्हे, एकक, नंबर, औषधाची ताकद सगळं पुन्हा बघावं लागतं. सिरपचंच घ्या, पॅरासिटामॉल ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं पण येतं आणि २५० चं पण, आणि आपण बिनधास्त लिहितो 'एक चमचा'. कुठला चमचा रे बाबा?

तारीख नसलेलं पत्रक

शिळ्या माशासारखं असतं, फक्त वास येत नाही. सत्तरीत २०१५ मध्ये माकडताप (गोचीड चावून होणारा ताप) आला तेव्हाच्या कागदांवर लस घ्या असं होतं. ती लस नंतर परिणामकारक नाही म्हणून बंद झाली, पण कागद अजून कपाटांच्या दारांवर चिकटलेले. गोचीड टाळायचे उपाय आजही तेच, लसीची ओळ मात्र मेली. आम्ही आता तळाशी 'कधी तपासलं, पुन्हा कधी तपासणार' छापतो.

डॉक्टरांचा अंगठा

व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणजे मंजुरी नव्हे. डॉक्टर ओपीडीत असतात, अंगठा सगळ्यांनाच देतात, गुड मॉर्निंगला पण. मी प्रिंट काढून लाल पेन घेऊन समोर बसते, सही आणि तारीख घेते, फाईलला लावते. म्हातारी पद्धत आहे, असू दे.

फोन वाचू शकेल असं लिहा

साखळी गावातले एक पेटी शिकवणारे काका, दिसत नाही, फोन टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीवर चालवतात. त्यांना पीडीएफ पाठवली, युनिकोड (सगळ्या फोनना कळणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमधली, तर फोन इंग्रजी अक्षरं आणि कंस वाचत सुटला. काका म्हणाले, ही कुठल्या देवाची आरती? मग फोटो पाठवला, तर फोन नुसता 'इमेज' म्हणून गप्प. आता मजकूर आधी युनिकोडमध्ये टाईप करतो, डिझाईन नंतर, आणि साधा मेसेज म्हणूनही पाठवतो.

बाकीच्या पटापट सांगते. 'रिपोर्ट पॉझिटिव्ह' लिहू नका, लोकांना चांगली बातमी वाटते, 'आजार आहे' असं लिहा. ताप लिहाल तिथे कोंकणी घरांसाठी जोरही लिहा. फक्त मराठी छापून गावभर वाटू नका, किरिस्तांव (ख्रिश्चन) घरांत रोमी, म्हणजे इंग्रजी अक्षरांतली कोंकणी वाचतात. औषध कंपनीचे पैसे असतील तर पत्रक काढूच नका, हे माझं मत, भांडायला या.

आणि पत्रकावर कार्यकर्त्याचा मोबाईल कधीही टाकू नका. आमचा एक मुलगा नंतर बोटीवर गेला, फोन घरीच ठेवून. वर्षभर त्याची आई डेंगीवाल्यांना सांगत होती, 'पूत बोटीर गेला, तू ॲस्पिरीन घेऊ नको आणि आरोग्य केंद्रात जा.' नवीन पत्रकावर केंद्राचा नंबर आहे. तिला अजून फोन येतात.