वॉकी-टॉकीवर 'नाही' कापलं जातं: या चुका टाळा

विसर्जन मिरवणुकीत आमच्या ढोल-ताशा पथकाचे वॉकी-टॉकी सांभाळायचं काम माझ्याकडे असतं. सांभाळायचं म्हणजे आदल्या रात्री चार्जिंगला लावायचे, सकाळी वाटायचे, दुसऱ्या दिवशी मोजून परत घ्यायचे. मधल्या वेळात दर तासाला कोणीतरी "दादा, हा बंद पडलाय" म्हणत एक सेट माझ्या हातात ठेवतो. त्यातले बहुतेक सेट धडधाकट असतात. गडबड असते ती बोलताना दाबून धरायच्या बटणावरच्या अंगठ्यात.

एका वर्षी पुण्यात लक्ष्मी रोडवर मागच्या टोकाच्या मुलाने सांगितलं, "मागून रेटा आलाय, ट्रॅक्टर पुढे घ्यायचा नाही." पण 'नाही' म्हणायच्या आत त्याचा अंगठा बटणावरून उठला होता. पुढच्याने ऐकलं, "ट्रॅक्टर पुढे घ्यायचा." त्याने इमानदारीत ट्रॅक्टर पुढे घेतला. वादक उड्या मारून बाजूला झाले, एका ढोलाचं पान (वाजवायचा पडदा) फाटलं, आणि पुढचा अर्धा तास दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

ही अडचण आपल्या भाषेची आहे. मराठीत नकार वाक्याच्या शेपटाला लागतो, आणि घाईत कापलं जातं ते शेपूटच. 'सोडायचं नाही' मधलं 'नाही' गेलं की हुकूम उलटा होतो. म्हणून वॉकीवर नकारार्थी वाक्य बोलूच नये. "पुढे घ्यायचा नाही" ऐवजी "थांबवा". "इकडून पाठवू नका" ऐवजी "तिकडेच धरून ठेवा". आणि ऐकणाऱ्याने नुसतं "ओके" न म्हणता काय करतोय ते बोलून दाखवायचं: "ट्रॅक्टर थांबवतोय, ओव्हर." त्या वर्षी एवढं केलं असतं तर पान वाचलं असतं.

वाक्याची सुरुवात वेगळ्या कारणाने कापली जाते. बटण दाबल्याबरोबर आवाज पलीकडे पोहोचत नाही. तुमचा सेट प्रक्षेपण सुरू करतो. समोरचा सेट बॅटरी वाचवण्यासाठी डुलक्या घेत असतो, तो जागा होतो, आलेला सिग्नल आपल्यासाठीच आहे का ते तपासतो आणि मग स्पीकर उघडतो. यात अर्धा-पाऊण सेकंद जातो. लोक बोलायला लागतात आधी आणि बटण दाबतात नंतर, त्यामुळे "थांबा, पोरगं मध्ये आलंय" मधला 'थांबा' हवेतच राहतो. बटण दाबा, एक श्वास घ्या, बोला, बोलून झाल्यावर मनात 'एक' म्हणा, मग सोडा. नवीन मुलांकडून मी हे सरावाच्या पहिल्याच दिवशी घोटून घेतो, अगदी पाढ्यासारखं.

हाक कशी मारायची

आधी ज्याला हाक मारायची त्याचं नाव, मग आपलं. नाव म्हणजे उभं असलेल्या ठिकाणाचं. "बेलबाग, बेलबाग, मी मंडई." आपलं नाव ऐकलं की माणसाचे कान टवकारतात, त्यानंतर कोण बोलतंय ते कळलं तरी चालतं. उलट केलं की "मी मंडई बोलतोय" एवढ्यात समोरच्याने कान बंद केलेले असतात. उत्तर येईपर्यंत निरोप सांगायचा नाही. पाच-सात सेकंद थांबून पुन्हा हाक मारायची. हाकेला उत्तर देताना "बोला मंडई, मी बेलबाग" म्हणावं, म्हणजे भलत्यानेच उत्तर दिलं असेल तर लगेच कळतं.

माणसांची नावं घेऊ नयेत. कोणाचं गुपित राखायचं म्हणून नाही. आमच्या पथकात ओंकार चार आहेत. "ओंकार, पाणी पाठव" म्हटल्यावर चारही ठिकाणांहून पाणी निघतं किंवा एकाही ठिकाणाहून निघत नाही. ठिकाणाचं नाव घ्या: मंडई, उंबऱ्या गणपती, अलका. फिरत्या माणसाला काम द्या: झेंडा, ट्रॅक्टर, पाणी.

आकड्यांचा घोळ तर खास आपला. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, पंचवीस आणि पस्तीस, बावन्न आणि बासष्ट ही मंडळी गोंगाटात एकसारखीच ऐकू येतात. आकडे सुटे सांगा: "पाच नऊ". मग अंकगणिताचे गुरुजी हसले तरी चालतील.

'ओव्हर' म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. 'आउट' म्हणजे संभाषण संपलं, उत्तर नको. 'ओव्हर अँड आउट' म्हणजे या, बसा, आणि निघा. 'रॉजर' म्हणजे ऐकलं, एवढंच. 'हो, करतो' असा त्याचा अर्थ नाही. हे न कळल्यामुळे किती ठिकाणी पाण्याची वाट बघत बसलोय याची गणतीच नाही.

ऐकू येतं, पण आपलं जात नाही

हातात येणाऱ्या 'बंद पडलेल्या' सेटांपैकी सगळ्यात जास्त या तक्रारीचे. कारणं तीन, आणि तपासायचा क्रम ठरलेला.

पहिलं, बॅटरी. ऐकायला फार थोडा करंट लागतो, बोलताना कित्येक पट जास्त. उतरलेली बॅटरी ऐकण्यापुरती पुरते, पण बटण दाबलं की व्होल्टेज कोसळतं आणि सेट 'टूं' करून बंद होतो. सोडलं की पुन्हा चालू. लोकांना वाटतं बटण बिघडलं. खोक्यावर बॅटरीचे जे तास लिहिलेले असतात ते सहसा ५ टक्के बोलणं, ५ टक्के ऐकणं आणि ९० टक्के गप्प पडून राहणं या हिशोबाने मोजलेले असतात. पुण्याच्या मिरवणुकीत कोण ९० टक्के गप्प असतं? जास्तीच्या बॅटऱ्या ठेवाच.

दुसरं, टोन. सेटमध्ये चॅनलसोबत एक कोड असतो, खोक्यावर त्याला बऱ्याचदा 'प्रायव्हसी कोड' म्हणतात. प्रत्यक्षात तो ६७ ते २५० हर्ट्झच्या आसपासचा हलका गुणगुणता स्वर असतो. बोलण्याच्या खाली तो सतत चालू असतो आणि स्पीकरमधून आपल्याला ऐकू येत नाही. समोरच्या सेटला तो स्वर मिळाला तरच त्याचा स्पीकर उघडतो. चुकून एखाद्या सेटवर कोड शून्य झाला की मजा होते: त्याला सगळ्यांचं ऐकू येतं, त्याचं मात्र कोणालाच नाही. सगळे सेट एका ओळीत मांडून चॅनल आणि कोड ताडून पाहा. आणि यात प्रायव्हसी काहीही नाही. कोड नसलेला कोणताही सेट त्या चॅनलवर लावला की तुमचं सगळं बोलणं तिथे ऐकू येतं, अध्यक्षांविषयी जे काही बोलता त्यासकट. वेगवेगळ्या कंपन्यांचे सेट असतील तर चॅनलचा क्रमांक जुळला म्हणून फ्रिक्वेन्सी जुळेलच असंही नाही.

तिसरं, स्कॅन. खिशात बटण दाबलं जाऊन सेट चॅनल चाळत बसलेला असतो. इतरांचं बोलणं तुम्हाला ऐकवतो, पण तुम्ही उत्तर देता तेव्हा भलत्याच चॅनलवर बोलत असता. कीपॅडला लॉक लावा.

याच्या उलट तक्रार म्हणजे कोणालाच काही बोलता येत नाही, सगळीकडे नुसती खरखर किंवा कुणाचं तरी श्वास घेणं. हे झालं की कोणाचं तरी बटण दाबलेलं राहिलंय. पट्ट्यात, बॅगेच्या बंदाखाली किंवा मांडी घालून बसल्यावर. एका वेळी एकाच सेटला बोलता येतं, त्यामुळे तो एक माणूस अख्खं चॅनल अडवून ठेवतो, आणि त्याला स्वतःला काही ऐकू येत नसल्याने शिव्याही पोहोचत नाहीत. सेटमध्ये 'टाइम आउट' असेल तर एका मिनिटावर लावून टाका, मिनिटानंतर प्रक्षेपण आपोआप थांबतं. आवाजाने आपोआप सुरू होणारी 'व्हॉक्स' सोय मिरवणुकीत बंदच हवी. पहिल्या ठेक्यालाच ढोल वॉकीवर बोलायला लागतो.

दोन मुलं शेजारी उभी राहून "हॅलो, हॅलो" करतात, सेट किंचाळतो, आणि सेट खराब असल्याचा निकाल लागतो. एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरून फिरत राहतो, बाकी काही नाही. चाचणी घ्यायची तर एकाने कोपऱ्यापर्यंत चालत जावं.

ओरडून काही होत नाही

सेट आवाजाला एका ठरावीक मर्यादेपर्यंतच जागा देतो. त्यापुढे ओरडलं की आवाज मोठा होत नाही, फाटतो. सेट तोंडापासून चार-पाच सेंटिमीटरवर, थोडा गालाकडे धरून नेहमीच्या आवाजात बोला. ताशाकडे पाठ करा. खर्च करायचाच असेल तर ऐकणाऱ्याच्या इअरफोनवर करा.

रेंज

खोक्यावर मैलांचे आकडे असतात. ते डोंगरमाथ्यावरून डोंगरमाथ्यावर, मध्ये काही नसताना मिळणारे. या लहरी जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर, शहर ५६० च्या आसपास. वरून जे दिसतं तिथे छोटा सेटही बोलू शकतो, आणि पेठेत मात्र दोन वाडे आणि एक नवी इमारत मध्ये आली की गप्प होतो. आतकरवाडीच्या पायवाटेने चढणारा गट आणि कल्याण गावाकडून येणारा गट एकमेकांना ऐकू शकत नाहीत, कारण मध्ये अख्खा गड आहे. पण एक माणूस माथ्यावर बसवला तर त्याला दोघंही ऐकू येतात. तो निरोप इकडून तिकडे सांगतो. यात कमीपणा काही नाही.

आवाज तुटायला लागला की लोक जागच्या जागी उभे राहून पुन्हा पुन्हा बोलतात. एक पाऊल सरका. विनापरवाना सेट ज्यावर चालतात त्या ४४६ मेगाहर्ट्झला लहरीची लांबी साधारण ६७ सेंटिमीटर असते. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींना मारतात ती जागा वीतभर सरकूनही सुटू शकते. सेट कमरेला असेल तर तुमचं शरीरच लहरी अडवतं, म्हणून हातात घ्या, उंच धरा, अँटेना उभी ठेवा. अँटेनाला धरून सेट फिरवू नका. आणि अँटेना काढलेल्या सेटचं बटण चुकूनही दाबू नका, आतला प्रक्षेपणाचा भाग जळू शकतो.

विकत घेण्याआधी

भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे सेट विनापरवाना वापरता येतात, पण त्या सेटला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस नियोजन आणि समन्वय) शाखेची मान्यता हवी. ऑनलाइन मिळणारे, कोणतीही फ्रिक्वेन्सी भरता येणारे पाच वॉटचे सेट यात बसत नाहीत. असे सेट माहिती न देता विकले जातात म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा दिल्या आणि विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. "आमच्यातल्या एकाकडे हॅमचा (हौशी रेडिओचा) परवाना आहे" हे उत्तर चालत नाही, कारण तो परवाना त्या एकाच्या नावावर असतो, पथकातल्या चाळीस पोरांच्या नावावर नाही. आणि मिरवणुकीत आजूबाजूला पोलिसांचे वायरलेस चालू असतात. चुकीची फ्रिक्वेन्सी भरून तिथे जाऊन आदळलात तर पान फाटण्यावर निभावणार नाही.

यंदा मी प्रत्येक सेटच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी लावून तीन गोष्टी लिहिल्या आहेत: ठिकाणाचं नाव, चॅनल आणि कोड. खाली लाल पेनाने 'दाब, श्वास, बोल'. सरावाच्या दिवशी एकाने विचारलं, "दादा, 'सोड' लिहायचं राहिलं का?" मी म्हटलं, ते तुम्ही न सांगता करताच, आणि तेही फार लवकर.