जुन्या मिलिंग अटॅचमेंटसाठी कॉलेट होल्डर बनवताना

जुनी मिलिंग अटॅचमेंट (दुसऱ्या मशीनवर बसवायचं, कटर फिरवणारं हेड) हाती येते तेव्हा तिची बॉडी, गिअर आणि बेअरिंग बहुतेक वेळा शाबूत असतात. नसतं ते कॉलेट (कटरची दांडी आवळून धरणारी, चिरा असलेली बाही) धरणारं सामान. नट हरवलेला असतो, ड्रॉबारचे (होल्डरला मागून ओढून धरणाऱ्या दांड्याचे) आटे झिजलेले असतात, नाहीतर अ‍ॅडॉप्टर कुणीतरी हातोडीने काढताना तोंडाशी फुगवून ठेवलेला असतो. बनवणारी कंपनी बंद पडली असेल तर हे भाग नवीन मिळत नाहीत. ज्याला लेथवर टर्निंग, बोरिंग आणि आटे पाडणं बऱ्यापैकी जमू लागलंय त्याने हे काम जरूर घ्यावं असं मला मनापासून वाटतं. हा भाग न डुलता फिरेल की नाही हे हात किती सफाईदार आहे यापेक्षा तुम्ही कुठलं ऑपरेशन कधी केलंत यावर ठरतं. तो क्रम एकदा अंगी बाणला की पुढे कुठल्याही कामात उपयोगी पडतो.

सुरुवात मापापासून. जुना झिजलेला भाग समोर ठेवून नक्कल करू नका. माप घ्यायचं ते स्पिंडलचं. आधी स्पिंडलचं तोंड केरोसीनने धुवा, टेपरमधला (निमुळत्या बोअरमधला) गंज आणि बर (कडेला उठलेला धातू) हलक्या हाताने काढा, मगच टेपर ओळखायला बसा. इथे फसगत सोपी आहे. ब्रिजपोर्ट या अमेरिकन मिलिंग मशीन कंपनीचंच उदाहरण घ्या. त्यांचं मिलिंग हेड १९३२ साली आलं तेच मुळी दुसऱ्या मशीनवर बसवायची अटॅचमेंट म्हणून. त्या जुन्या एम हेडमध्ये मोर्स २ टेपर सापडतो तसा ब्राउन अँड शार्प ७ हा दुसऱ्या प्रमाणाचा टेपर सुद्धा सापडतो. दोन्हींची तोंडं जवळपास सारखी दिसतात, पण मोर्स २ चा उतार फुटाला जवळजवळ ०.६ इंच आणि ब्राउन अँड शार्प ७ चा ०.५ इंच. दोन इंच लांबीत सुमारे सोळा थाऊचा (इंचाच्या हजाराव्या भागांचा) फरक. चुकीचा आर्बर (टेपरमध्ये बसणारा दांडा) आत घातला तर तो बसल्यासारखा वाटतो, पण एकाच टोकाला टेकलेला असतो आणि हाताने हलवला की डुलतो. म्हणून आर्बरवर लांबीच्या दिशेने प्रशियन ब्लूच्या (टेकलेली जागा दाखवणाऱ्या निळ्या रंगाच्या) तीन पातळ रेघा ओढा, आत घाला, किंचित फिरवा आणि बाहेर काढून पाहा. निळा रंग पूर्ण लांबीवर पुसला गेला तरच टेपर जुळला.

कोन मुळीच माहीत नसेल तर स्टीलच्या दोन गोळ्या वापरा. लहान गोळी टेपरमध्ये टाका आणि तोंडापासून तिच्या माथ्यापर्यंतची खोली डेप्थ मायक्रोमीटरने मोजा. मग तेच मोठ्या गोळीचं करा. मोठी गोळी बाहेर डोकावत असेल तर तिची उंची वजा धरायची. दोन खोल्यांच्या फरकातून त्रिज्यांचा फरक वजा केला की दोन केंद्रांमधलं अंतर मिळतं. त्रिज्यांच्या फरकाला या अंतराने भागलं की अर्ध्या कोनाचा साइन हातात येतो. गोळ्या २० आणि १६ मिमीच्या असतील आणि अर्धा कोन ८ अंश असेल तर हे अंतर १४.३७ मिमी येतं. मोजण्यात ०.०५ मिमीची गफलत झाली तर कोन पावणेदोन मिनिटांच्या आसपास चुकतो. म्हणून तीन-चारदा मोजून सरासरी घ्या.

आटे ओळखतानाही घाई नको. इंची २० टीपीआय (इंचात २० आटे) म्हणजे १.२७ मिमी पीच, आणि पीच गेजमधलं १.२५ चं पान त्यावर दोन-तीन आटे छान बसल्यासारखं दिसतं. दहा आट्यांवर मात्र फरक ०.२ मिमी होतो, म्हणून जितके मिळतील तितक्या जास्त आट्यांवर गेज धरा. ब्रिटिश मशीन असेल तर आट्याचा कोन ६० अंशांऐवजी ५५ असण्याची शक्यता आधी तपासा.

आता बनवायचं काय ते ठरवा. मूळ नमुन्याचे कॉलेट चांगले शिल्लक असतील तर फक्त नट किंवा ड्रॉबार बनवा आणि मशीन मूळ रूपात ठेवा. कॉलेटच नसतील तर ते एकेक बनवत बसण्यापेक्षा स्पिंडलच्या टेपरला बसेल असा ईआर (कॉलेटचा एक प्रमाणित प्रकार) अ‍ॅडॉप्टर बनवावा, हे माझं स्पष्ट मत आहे. ईआर कॉलेट सहज मिळतात. ईआर२५ च्या संचात १ ते १६ मिमीपर्यंतची शँक (कटरची दांडी) धरता येते, म्हणजे छोट्या अटॅचमेंटला लागणारी जवळजवळ सगळी कटरं आली. त्याचा नट मात्र विकतच घ्या. त्याच्या आतली कडा विकेंद्रित असते. ती कॉलेटच्या खाचेत अडकते आणि नट सोडताना कॉलेटला बाहेर ओढते. ती घरी कापण्यात वेळ घालवू नये. ही कडा खाचेत अडकावी म्हणूनच कॉलेट आधी नटमध्ये खटकन बसवायचा आणि मग दोन्ही मिळून होल्डरवर चढवायचे. हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

मटेरियलसाठी ईएन२४ हे मिश्रपोलाद टी कंडिशनमध्ये घ्या. ते आधीच पाणी दिलेलं असतं, कार्बाइडने नीट कापलं जातं आणि नंतर भट्टीत घालावं लागत नाही. भट्टीतून वाकून आलेला भाग सरळ करायला ग्राइंडर लागतो, आणि तो तुमच्याकडे असेलच असं नाही.

पहिल्या होल्डरसाठी एक वाट आणखी सोपी आहे. मोर्स टेपरचे ब्लँक आर्बर तयार मिळतात. त्यांची शँक (मागचा टेपरचा भाग) ग्राइंड केलेली आणि पुढचं डोकं मऊ असतं. तो घेतला की अर्धं काम झालं. शँक स्वतःच करायची असेल तर उत्तम स्थितीतला मोर्स २ आर्बर दोन सेंटरमध्ये धरा, कंपाउंडवर (टूल तिरकं सरकवणाऱ्या स्लाइडवर) डायल (सूक्ष्म फरक दाखवणारं काट्याचं गेज) लावा आणि पूर्ण लांबीवर काटा हलेनासा होईपर्यंत कंपाउंड फिरवा. तक्त्यातला कोन कंपाउंडच्या खुणांवर लावून हे काम कधीच नीट होत नाही.

आता क्रम. आधी शँक आणि मागचे ड्रॉबारचे आटे पूर्ण करा. मग तो भाग अटॅचमेंटच्या स्पिंडलसारख्याच टेपरमध्ये बसवा: लेथच्या हेडस्टॉकमध्ये मोर्स स्लीव्ह घालून, मागून ड्रॉबारने ओढून. पुढचं सगळं काम याच बैठकीत करायचं. बाहेरचा व्यास, आटे, आतलं बोअर आणि कॉलेटचा टेपर, यातलं काहीही उलटून धरून करू नका. डोकं चकमध्ये धरून शँक केली आणि शँक धरून डोकं केलं, की दोन अक्ष एकमेकांशी किती जुळतील ते चकच्या दयेवर राहतं.

डोक्यावर आधी आटे पाडा. ईआर२५ च्या नटला एम३२ × १.५ लागतात, आट्यांची खोली साधारण ०.९२ मिमी. मागे टूल थांबायला खाच ठेवा. लेथचा लीडस्क्रू इंची असेल तर अचूक पीचसाठी १२७ दातांचं चेंज गिअर लागतं, आणि आटे पूर्ण होईपर्यंत हाफ नट (लीडस्क्रूला पकडणारा नट) उघडायचा नाही. मोटर उलटी फिरवून परत यायचं. नट हाताने शेवटपर्यंत जाईल पण खडखडणार नाही इतपत फिट ठेवा.

कॉलेटचा टेपर सर्वांत शेवटी. आटे पाडताना जॉबवर जोर येतो, त्याने बैठक केसभर सरकली तरी शेवटचा टेपर त्या नव्या अक्षावर कापला जातो. अर्धा कोन ८ अंश. समांतर टेस्ट बारवर डायल टेकवून कंपाउंड २५ मिमी सरकवलं की काट्यात ३.४८ मिमीचा फरक दिसला पाहिजे. बोरिंग टूलची धार अगदी सेंटरच्या उंचीवर हवी; ती वर-खाली असेल तर टेपरची बाजू सरळ न येता किंचित वक्र येते आणि कॉलेट मधेच कुठेतरी टेकतो. शेवटचे कट बारीक घ्या, आणि एक फेरी कट न वाढवता तशीच फिरवा. मग कॉलेटमध्ये त्याच्याच मापाची पिन घालून ब्लूने तपासा. जॉब तोपर्यंत जागेवरून हलवायचा नाही.

मूळ नमुन्याचा नट करत असाल तर आतला कोन आणि आटे एकाच सेटिंगमध्ये करा आणि हुक पान्याच्या खाचा नंतर पाडा. इथे आटे थोडे सैल चालतात, कारण कॉलेटला केंद्रात आणायचं काम कोनाचं आहे. आट्यांनी त्याच्याशी भांडू नये.

होल्डर अटॅचमेंटमध्ये बसवल्यावर रनआउट (फिरताना येणारा डोल) पाहा. ग्राइंड केलेली पिन कॉलेटमध्ये धरा, डायल आधी नटजवळ आणि मग ५० मिमी पुढे लावा. दोन्हीकडे सारखाच फरक असेल तर होल्डर केंद्रापासून सरकलेला आहे. पुढे जाताना फरक वाढत असेल तर टेपरचा कोन चुकलाय किंवा कॉलेट तिरका बसलाय. मग होल्डर स्पिंडलमध्ये अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा. उंच बाजू होल्डरबरोबर फिरली तर दोष होल्डरचा, स्पिंडलवर त्याच जागी राहिली तर स्पिंडलचा. जुन्या अटॅचमेंटवर नटजवळ ०.०२ मिमीच्या आत आलं तर मी समाधानी असतो. ज्या स्थितीत फरक सर्वांत कमी येतो तिथे होल्डर आणि स्पिंडल दोघांवर टिंब मारून ठेवा, आणि पुढे नेहमी तसंच बसवा.

ड्रॉबारशिवाय मोर्स टेपरवर मिलिंग कधीही करू नका. बाजूने पडणाऱ्या दाबाने आणि कंपनाने तो टेपर सुटतो, शिवाय एंड मिलची सर्पिल धार कटरला खाली खेचत असते. ड्रॉबार होल्डरपेक्षा किंचित मऊ ठेवा, म्हणजे झिजलेच तर त्याचे आटे झिजतील; तो बदलणं सोपं. शँक कॉलेटच्या लांबीच्या किमान दोन-तृतीयांश तरी आत गेली पाहिजे. पहिल्या कामात हलका कट घ्या, थोडं कापून मशीन थांबवा आणि ड्रॉबार पुन्हा आवळून बघा. नवा टेपर पहिल्या वापरात थोडा आत बसतो, त्यामुळे ड्रॉबारला जवळजवळ नेहमीच थोडा आणखी ताण द्यावा लागतो.