सायलेंट शटरमध्ये फोटो वाकडे का येतात? या चुका टाळा

सायलेंट शटर लावून (म्हणजे पडदे न हलवता, फक्त सेन्सरने टिपून) फिरत्या पंख्याचा फोटो काढला आणि पाती कोयत्यासारखी वाकलेली दिसली, की बहुतेक जण शटर स्पीड वाढवतात. १/१०००, १/४०००, मग थेट १/८०००. पात्यांच्या कडा धारदार होतात, पण वाकडी ती वाकडीच राहतात.

कारण शटर स्पीड फक्त एवढंच सांगतो, की सेन्सरच्या प्रत्येक ओळीवर प्रकाश किती वेळ पडला. सगळ्या ओळी वाचून व्हायला किती वेळ लागला, ही वेगळी गोष्ट आहे. आजच्या कॅमेऱ्यांतले बहुतेक सीमॉस प्रकारचे सेन्सर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीमागून ओळ वाचतात. अनेक फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यांत पूर्ण सेन्सर वाचायला १/१५ ते १/३० सेकंद लागतो. तेवढ्यात पातं पुढे सरकलेलं असतं, म्हणून शेवटच्या ओळीत ते दुसऱ्याच जागी नोंदलं जातं. उपाय सरळ आहे: वेगवान विषयाला मेकॅनिकल, म्हणजे खऱ्या पडद्यांचं शटर वापरा. त्याचे पडदेही सरकतच उघडझाप करतात, पण कितीतरी जास्त वेगाने.

आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर वाचण्याचा वेग माहीत नसणं, ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते, कारण तो घरी मोजता येतो. लुकलुकणारा एलईडी दिवा पांढऱ्या भिंतीवर पाडा, सायलेंट शटर लावा, १/२००० ठेवा आणि भिंतीने फ्रेम भरून फोटो काढा. आडवे गडद पट्टे दिसतील. वीज ५० हर्ट्झची असेल तर असा दिवा सहसा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो (६० हर्ट्झला १२० वेळा). चार पट्टे मोजले, तर वाचनाला ४/१००, म्हणजे १/२५ सेकंद लागला. पट्टेच नाहीत? मग दुसरा दिवा घेऊन पाहा. काही एलईडी लुकलुकतच नाहीत.

हेच पट्टे कार्यक्रमाच्या फोटोंत आले की लोक सेन्सर बिघडला म्हणून दुरुस्तीला नेतात. आधी १/१०० किंवा १/५० वर फोटो काढून बघा (६० हर्ट्झला १/१२० किंवा १/६०). पट्टे गेले, तर सेन्सर ठणठणीत आहे.

फ्लॅशचंही तसंच. सायलेंट शटरमध्ये बरेच कॅमेरे फ्लॅश पेटूच देत नाहीत. जे देतात, त्यांत शटरचा वेळ वाचनाच्या वेळेपेक्षा जास्त हवा, नाहीतर फ्रेमचा एखादाच पट्टा उजळतो.

एक चूक फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. ‘इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन’ (सुरुवात सेन्सर करतो, शेवट खरा पडदा) चालू ठेवून एफ/१.४ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र खूप उघडं ठेवून, १/४००० वर फोटो काढला, तर मागच्या धूसर दिव्यांची वर्तुळं एका बाजूने कापल्यासारखी दिसतात. अशा वेळी पूर्ण मेकॅनिकल शटर लावा.

स्टॅक्ड सेन्सर (थरांवर थर रचून बनवलेले वेगवान सेन्सर) पूर्ण फ्रेम १/२०० सेकंदाच्या आसपास वाचतात, तिथे सायलेंट शटर निर्धास्त वापरावं. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनी ए९ थ्री कॅमेऱ्यामध्ये तर ग्लोबल शटर आहे: सगळ्या ओळी एकाच क्षणी नोंदल्या जातात. त्याची किंमत म्हणून मूळ आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) २५० पासून सुरू होतो. डोंगर आणि इमारतींचे फोटो काढणाऱ्याला मात्र यातलं काहीच लागत नाही. ट्रायपॉडवर जुना संथ सेन्सरही सरळ रेघ सरळच टिपतो.