रीजनरेटिव्ह रँकिन चक्राचा हिशेब: उत्तर काढायचं आणि ते तपासायचंही

वाफेच्या चक्राचं गणित पुढ्यात आलं की बहुतेक जण आधी सूत्र शोधतात. मी आधी चित्र काढते. बॉयलर, टर्बाइन, कंडेन्सर, दोन पंप, मध्ये हीटर, आणि प्रत्येक पाइपवर दोन गोष्टी: बिंदूचा क्रमांक आणि तिथून वाहणारं वस्तुमान. दुसरी गोष्ट लिहायचा लोकांना कंटाळा येतो, आणि गाडं नेमकं तिथेच अडतं. साध्या रँकिन चक्रात १ किलो सगळीकडे १ किलोच असतो. रीजनरेटिव्ह चक्रात टर्बाइनमध्ये १ किलो वाफ शिरते, पण तिच्यातली काही (हाच ब्लीड) वाटेतच फीडवॉटर, म्हणजे बॉयलरकडे जाणारं पाणी, तापवायला काढून घेतली जाते आणि उरलेलीच कंडेन्सरपर्यंत पोचते. प्रत्येक एन्थाल्पी (प्रतिकिलो ऊर्जेचा आकडा) कोणत्या वस्तुमानाने गुणायची हे चित्रावर दिसत असेल, तर निम्मं काम झालं.

आकडे घेऊनच बोलू. बॉयलरमधून १० मेगापास्कल, ५०० अंश सेल्सिअसची वाफ निघते. कंडेन्सर १० किलोपास्कलवर आहे. एकच उघडा फीडवॉटर हीटर, १ मेगापास्कलवर. उघडा म्हणजे ब्लीडची वाफ आणि पाणी त्यात सरळ मिसळतात. प्लांटमधला डीएरेटर (पाण्यात विरघळलेली हवा काढणारी टाकी) याच जातीचा. टर्बाइन आणि पंप तूर्त आदर्श धरू.

बिंदू असे: कंडेन्सरमधून निघणारं पाणी १, पहिल्या पंपानंतर २, हीटरमधून बाहेर ३, दुसऱ्या पंपानंतर ४, टर्बाइनच्या तोंडाशी ५, ब्लीड ६, टर्बाइनची शेवटची वाफ ७.

पाण्याची बाजू पटकन उरकते. स्टीम टेबलमध्ये १० किलोपास्कलला संतृप्त (उकळीच्या टोकावरच्या) पाण्याची एन्थाल्पी १९१.८ किलोज्यूल प्रतिकिलो. पंपाचं काम म्हणजे विशिष्ट (प्रतिकिलो) आकारमान गुणिले दाबातली वाढ; पहिल्या पंपाचं जेमतेम १.०, म्हणून बिंदू २ ला १९२.८. बिंदू ३ ला पाणी १ मेगापास्कलवर संतृप्त, ७६२.५. दुसऱ्या पंपाचं काम १०.१, म्हणून बिंदू ४ ला ७७२.७. संतृप्त हे गृहीत आहे, पण उघड्या हीटरसाठी ते रास्त आहे.

वाफेच्या बाजूला घाई करू नका. बिंदू ५ ला एन्थाल्पी ३३७५.१ आणि एन्ट्रॉपी (स्टीम टेबलमधलाच दुसरा गुणधर्म, किलोज्यूल प्रतिकिलो-केल्विनमध्ये) ६.५९९५. आदर्श टर्बाइनमध्ये ही एन्ट्रॉपी शेवटपर्यंत तशीच राहते. १ मेगापास्कलला कोरड्या संतृप्त वाफेची एन्ट्रॉपी ६.५८५०, आपली किंचित जास्त, म्हणजे ब्लीडची वाफ अजून सुपरहीटेड (संतृप्त तापमानापेक्षा गरम) आहे, अगदी थोडी, साधारण १८२.५ अंश. ही तुलना न करता थेट ड्रायनेस फ्रॅक्शन (ओल्या वाफेतला कोरड्या वाफेचा वाटा) काढायला गेलात, तर तो १ पेक्षा मोठा येईल. असा आकडा आला की कॅल्क्युलेटरला दोष न देता सुपरहीटच्या तक्त्यात जायचं. तिथे २०० अंशांच्या ओळीशी इंटरपोलेशन केल्यावर बिंदू ६ ची एन्थाल्पी २७८३.८ मिळते. बिंदू ७ मात्र ओल्या भागात आहे: ड्रायनेस ०.७९३, एन्थाल्पी २०८९.७.

आता हीटरचा ऊर्जा-ताळेबंद. ब्लीडचा वाटा गुणिले २७८३.८, अधिक उरलेला वाटा गुणिले १९२.८, बरोबर ७६२.५. त्यातून वाटा येतो ०.२२०. टर्बाइनमध्ये शिरलेल्या वाफेचा पाचवा हिस्सा, वर थोडा जास्तच, कंडेन्सर न बघताच परत फिरतो. हा अंश हाती आला की पुढचं सगळं वजाबाकी आणि गुणाकार.

बॉयलरमध्ये दिलेली उष्णता: ३३७५.१ वजा ७७२.७, म्हणजे २६०२.४. कंडेन्सरमध्ये टाकलेली: ०.७८० गुणिले (२०८९.७ वजा १९१.८), म्हणजे १४८०.६. निव्वळ काम ११२१.८, कार्यक्षमता ४३.१ टक्के. हीच चौकट हीटरविना सोडवली तर उष्णता ३१७३.२, काम १२७५.३ आणि कार्यक्षमता ४०.२ टक्के.

इथे थांबून दोन्ही ओळी शेजारी ठेवून बघा. कार्यक्षमता वाढली, पण प्रतिकिलो काम १२ टक्क्यांनी घटलं. एक किलोवॅट-तासासाठी आधी २.८२ किलो वाफ लागत होती, आता ३.२१ लागते. उष्णता मात्र ८९५८ किलोज्यूलवरून ८३५१ वर उतरली. नव्या माणसाला इथे काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. चुकलेलं काही नाही: इंधनाचा खर्च उष्णतेवर ठरतो, वाफेच्या वजनावर नाही. वजन वाढल्याचा परिणाम यंत्राच्या आकारावर होतो, म्हणजे टर्बाइनचा वरच्या दाबाचा भाग थोडा मोठा आणि कंडेन्सरकडचा लहान. शेवटच्या पात्यांवर आकारमानाचा सगळ्यात मोठा भार असल्याने ही अदलाबदल फायद्याचीच ठरते.

उत्तर आलं म्हणून कागद बंद करू नये. पहिली तपासणी सोपी आहे: काम टर्बाइनच्या बाजूने मोजा. ब्लीडपर्यंत पूर्ण १ किलोचं ५९१.३, पुढे ०.७८० किलोचं ५४१.५, त्यातून पंपांचे १०.९ वजा. ११२१.९ येतात, म्हणजे जुळलं. दुसऱ्या पंपातून पूर्ण १ किलो जातो आणि पहिल्यातून ०.७८० किलोच, हे विसरलात तरी फरक नगण्य पडेल, पण लिहायचं बरोबरच.

दुसरी तपासणी माझी आवडती, कारण ती फायदा येतो कुठून तेही दाखवते. बॉयलरमध्ये दिलेल्या उष्णतेला तिथल्या एन्ट्रॉपीच्या वाढीने भागा. उष्णता सरासरी कोणत्या तापमानाला आत गेली ते मिळतं. साध्या चक्रात ३१७३.२ भागिले ५.९५०३ (६.५९९५ वजा बिंदू १ च्या पाण्याची एन्ट्रॉपी ०.६४९२), म्हणजे ५३३ केल्विन. हीटर लावल्यावर बिंदू ४ ची एन्ट्रॉपी २.१३८१, म्हणून २६०२.४ भागिले ४.४६१४, म्हणजे ५८३ केल्विन. कोमट पाणी तापवण्याचं काम बॉयलरकडून काढून घेतलं, त्यामुळे ही सरासरी ५० अंशांनी वर गेली. उष्णता बाहेर जाते ती दोन्हीकडे ३१९ केल्विनला.

आता कार्नोचं सूत्र लावा. साध्या चक्राला १ वजा ३१९/५३३, म्हणजे ४०.२ टक्के, अगदी नेमकं. हीटरवाल्या चक्राला ४५.३ टक्के मिळतात, पण आपलं उत्तर ४३.१ आहे. मधले २.२ टक्के हीटरने खाल्ले. १८२ अंशांची वाफ ४६ अंशांच्या पाण्यात मिसळते तेव्हा एन्ट्रॉपी तयार होते: २.१३८१ वजा ०.२२० गुणिले ६.५९९५ वजा ०.७८० गुणिले ०.६४९२, म्हणजे ०.१८०५. तिला ३१९ ने गुणा, ५७.६ किलोज्यूल, २६०२.४ च्या प्रमाणात २.२ टक्के. हिशेब दशांशापर्यंत मिटतो. सरासरी तापमान वाढवून मिळवलेले ५.१ टक्के आणि मिसळण्यात गेलेले २.२ टक्के. हीटरांची संख्या वाढवली की प्रत्येकातलं तापमानाचं अंतर कमी होतं आणि हा दुसरा आकडा लहान होत जातो. मोठ्या संचांत सहा-सात-आठ हीटर असतात ते यासाठी. प्रत्येक नवा हीटर आधीच्यापेक्षा कमी देतो, म्हणून कुठेतरी थांबतातही.

ब्लीडचा दाब १ मेगापास्कल का घेतला? पाण्याला कंडेन्सरपासून बॉयलरच्या संतृप्त तापमानापर्यंत चढायचं आहे, ४५.८ पासून ३११ अंशांपर्यंत. एकच हीटर असेल तर तो साधारण मध्यावर ठेवायचा, म्हणजे १७८ अंशांच्या आसपास, आणि तो दाब १ मेगापास्कलच्या जवळ येतो. नियम ढोबळ आहे, पण निभावतो. ०.३ मेगापास्कलवर हेच गणित ४२.८ टक्के देतं, ३ मेगापास्कलवर ४२.६. शिखर इतकं सपाट आहे की नेमका दाब शोधत रात्र जागवण्यात अर्थ नाही. टर्बाइनच्या केसिंगमध्ये नळी कुठे बसते तेच शेवटी दाब ठरवतं.

खरा टर्बाइन घेतला की एक सापळा आहे. ८५ टक्के आयसेंट्रॉपिक कार्यक्षमता धरा, म्हणजे आदर्श टर्बाइनच्या कामाचे ८५ टक्केच हाती येतात. ब्लीडपर्यंत ५९१.३ ऐवजी ५०२.६ च काम मिळतं, म्हणून बिंदू ६ ची एन्थाल्पी २८७२.५. पुढचा टप्पा याच खऱ्या बिंदूपासून, त्याच्या नव्या एन्ट्रॉपीने सुरू करायचा; बिंदू ७ ला २२५७ येतात. तोंडापासून शेवटपर्यंत एका दमात ८५ टक्के लावले तर २२८२.५ येतात. पहिल्या टप्प्यातलं नुकसान वाफ गरम ठेवतं आणि त्यातलं थोडं दुसऱ्या टप्प्यात परत मिळतं, म्हणून हा फरक. कार्यक्षमता कोणत्या दोन बिंदूंमधली दिली आहे ते आधी वाचा. टप्प्याटप्प्याने सोडवल्यास ब्लीडचा वाटा ०.२१३ होतो, कारण वाफ जास्त गरम आहे, आणि चक्राची कार्यक्षमता ३७.५ टक्के. हीटरविना, याच टर्बाइनला एका दमात ८५ टक्के धरून, ३४.१.

बंद हीटरमध्ये वाफ आणि पाणी मिसळत नाहीत. नळ्यांच्या आत पाणी, बाहेर वाफ. ताळेबंद तोच, फक्त दोन्ही बाजूंचं वस्तुमान वेगळं ठेवायचं आणि ड्रेन (वाफेचं पाणी होऊन हीटरमधून निघणारा प्रवाह) कुठे जातो ते बघायचं. तो ट्रॅपमधून (वाफ अडवून पाणी सोडणाऱ्या झडपेतून) खालच्या दाबाच्या हीटरमध्ये गेला तर त्या हीटरच्या समीकरणात एक पद वाढतं आणि त्याचा ब्लीड कमी होतो. म्हणून सोडवायची सुरुवात सगळ्यात वरच्या दाबाच्या हीटरपासून करायची. बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान संतृप्त तापमानाइतकं धरू नका. मध्ये काही अंशांचा फरक राहतो, त्यालाच टर्मिनल टेंपरेचर डिफरन्स म्हणतात. डीसुपरहीटिंगचा (वाफेचा सुपरहीट काढून घेणारा) भाग असलेल्या हीटरात तो ऋणही येतो, दचकू नका.

चालू प्लांटमध्ये ब्लीडचा प्रवाह सहसा थेट मोजलेला नसतो. तो याच ताळेबंदातून काढतात, म्हणून थर्मामीटर विश्वासाचे हवेत. वरचा हीटर बायपास झाला तर बॉयलरची वाफ तेवढीच ठेवून मेगावॅट वाढलेले दिसतात. कंट्रोल रूममध्ये कुणीतरी खूश होतं, पण फीडवॉटर थंड आल्याने हीट रेट (एका किलोवॅट-तासाला लागणारी उष्णता) वर गेलेला असतो. हीटरविना आणि हीटरसह प्रतिकिलो कामाची, १२७५ आणि ११२२ ची, ती जोडी इथेही लागू. टर्मिनल डिफरन्स हळूहळू वाढत असेल तर नळ्यांवरचा थर, अडकलेली हवा किंवा नळ्या बुडवणारी पाण्याची पातळी तपासा. ड्रेनचं तापमान येणाऱ्या पाण्यापेक्षा एकाएकी फार वर गेलं असेल, तर पातळी खाली उतरून वाफ ड्रेनमध्ये घुसते आहे का, ते आधी बघा.