आकडे जाहीर करण्यापूर्वी: शासकीय कार्यालयांसाठी तयारीची यादी

आकडेवारी जाहीर करायचे ठरले की कार्यालयात सहसा पहिला प्रश्न निघतो तो आपल्याकडे काय काय उपलब्ध आहे हा. तो बाजूला ठेवून, ही माहिती वाचून नागरिकाला कोणता निर्णय घ्यायचा आहे, हे आधी एका वाक्यात लिहून काढावे: पाणी उकळून प्यावे का, घर सोडून सुरक्षित जागी जावे का, अर्ज आता करावा की पुढच्या महिन्यात. हे वाक्य लिहिता आले नाही, तर मूळ तक्ते अभ्यासकांसाठी खुले करण्यास हरकत नाही, पण त्याला जनतेशी साधलेला संवाद म्हणू नये.

त्यानंतर प्रत्येक संज्ञेची व्याख्या आकड्याच्या शेजारीच, त्याच पानावर लिहिली आहे का ते पाहावे. 'बेरोजगार' हा शब्द साधा वाटतो. परंतु आंतरराष्ट्रीय मापदंडानुसार पाहणीच्या आठवड्यात एक तास जरी मोबदल्याचे काम केले असेल तर ती व्यक्ती रोजगारात धरली जाते, आणि निराश होऊन काम शोधणेच सोडून दिलेली व्यक्ती बेरोजगारांत मोजली जात नाही. हे ठाऊक नसलेला वाचक आकडा आणि स्वतःचा अनुभव ताडून पाहतो, दोन्ही जुळत नाहीत, आणि कार्यालय खोटे बोलते असा निष्कर्ष काढतो. मोजणी कोणी केली, कोणत्या काळातली आहे, आकडे तात्पुरते आहेत की अंतिम, हेही तिथेच यावे.

आकडा कोणकोणत्या हातांतून आणि फायलींतून आला, तो मार्ग एकदा शेवटपर्यंत तपासावा. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडचे सुमारे १६ हजार रुग्ण दैनंदिन आकड्यांतून गळले, कारण एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फायलीत ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत आणि त्यापुढच्या नोंदी पुढे गेल्याच नाहीत. प्रत्येक टप्प्यावर आत आलेल्या आणि बाहेर पडलेल्या नोंदींची संख्या जुळवून पाहण्याचे काम कंटाळवाणे आहे, पण ते एका नेमक्या व्यक्तीकडे सोपवलेलेच असावे.

जोखमीविषयी लिहिताना 'दुप्पट', 'निम्मे', 'इतक्या टक्क्यांनी वाढ' असे शब्द मसुद्यात दिसले, की लेखणी थांबवून मूळ प्रमाण शोधावे. १९९५ मध्ये ब्रिटनमधील औषध-सुरक्षा समितीने काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो असा इशारा दिला. प्रत्यक्षात तो सुमारे सात हजार स्त्रियांमध्ये एकीवरून दोघींवर गेला होता. 'दुप्पट' हा शब्द चुकीचा नव्हता, पण अनेक स्त्रियांनी घाबरून गोळ्या बंद केल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये गर्भपातांची संख्या हजारोंनी वाढली. गर्भारपणातही गुठळ्यांचा धोका असतो, आणि तो या गोळ्यांमुळे होणाऱ्या धोक्याहून अधिक असतो, ही बाब त्या गडबडीत मागे पडली. म्हणून 'इतक्या हजारांत पूर्वी किती आणि आता किती' असेच लिहावे, छेद दोन्हीकडे एकच ठेवावा, आणि वाचकाने सध्याची सवय सोडली तर त्याला कोणता धोका पत्करावा लागेल हेही त्याच परिच्छेदात सांगावे.

अनिश्चितता लपवली तरच लोकांचा विश्वास टिकतो, हा समज माझ्या मते सर्वांत महागात पडणारा आहे. १९९७ च्या वसंतात अमेरिकेतील ग्रँड फोर्क्स शहरासाठी रेड नदीची पातळी ४९ फुटांपर्यंत जाईल असा अंदाज दिला गेला. अनेकांनी तो आकडा पक्का, किंबहुना कमाल मर्यादा मानला आणि त्याच हिशेबाने तयारी केली. पाणी ५४ फुटांच्या वर गेले आणि बहुतेक शहर रिकामे करावे लागले. आधीचे अंदाज किती चुकत आले होते हे आकड्यासोबत ठळकपणे सांगितले असते, तर बांध किती उंच करावा याची चर्चा वेगळी झाली असती. त्यामुळे प्रत्येक अंदाजासोबत 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' हा पल्ला द्यावा आणि त्याच्या वरच्या टोकाला काय करायचे तेही सांगावे.

आलेखांबाबत थोडक्यात: स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासून सुरू व्हावा, केवळ लाल-हिरव्या रंगांवर अर्थ अवलंबून नसावा, आणि आलेखाचा आशय शब्दांतही लिहिलेला असावा, म्हणजे तो पडदा-वाचक सॉफ्टवेअर (पडद्यावरचा मजकूर अंध व्यक्तींना मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली) वापरणाऱ्यांनाही मिळेल. आलेखामागचा तक्ता केवळ चित्र म्हणून न देता उघडता येईल अशा फायलीत द्यावा.

लहान गावाच्या किंवा दुर्मीळ आजाराच्या तक्त्यात दोन-तीन व्यक्तींचा रकाना उरला, तर त्या ओळखू येतात. तो रकाना झाकताना, बेरजेतून बाकीचे आकडे वजा करून तो पुन्हा काढता येत नाही ना, हेही तपासावे लागते.

मसुदा तयार झाला की विभागाबाहेरच्या पाच-सहा जणांना तो वाचायला द्यावा आणि 'समजले का' असे न विचारता 'आता तुम्ही काय कराल' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला भिडेपोटी होकारच मिळतो. प्रसिद्धीची तारीख आधीच जाहीर करावी आणि आकडे गैरसोयीचे निघाले म्हणून ती पुढे ढकलू नये. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने १९९४ मध्ये मान्य केलेली शासकीय सांख्यिकीची मूलतत्त्वे, आकड्यांचा चुकीचा अर्थ लावला गेल्यास त्यावर भाष्य करण्याचा हक्क सांख्यिकी संस्थांना देतात. तेव्हा अशा वेळी खुलासा कोण करणार हे आधीच ठरलेले असावे.

शेवटी, चूक सापडल्यास जुना आकडा गुपचूप पुसू नये. तो दिसेल असा ठेवून शेजारी नवा आकडा, बदलाची तारीख आणि कारण द्यावे. मदत क्रमांकावर आणि खिडकीवर पहिल्या पंधरवड्यात आलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून ठेवावेत, आणि पुढच्या वेळचा मसुदा लिहायला बसताना तीच वही आधी उघडावी.