सी-मेक बिल्डमधूनच डॉक्सिजनची कागदपत्रं तयार करा

सांगली भागात कारखान्यांच्या ऊस वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांची नेहमीची अडचण: हंगामात कोड बदलतो, फंक्शनला 'रिकाम्या गाडीचं वजन' हा नवा पॅरामीटर येतो, पण कागदपत्रात जुनीच यादी राहते. डॉक्सिजन (कोडमधल्या कॉमेंटवरून कागदपत्रं बनवणारं साधन) हातानं चालवायचं ठेवलं की ते राहूनच जातं.

सी-मेकची (कोडपासून प्रोग्रॅम बनवायची, म्हणजे बिल्डची, मांडणी करणाऱ्या साधनाची) ३.९ किंवा पुढची आवृत्ती हवी.

१. मुख्य सीमेकलिस्ट्स फाइलमध्ये फाइंड_पॅकेज वापरून डॉक्सिजन शोधा. पुढचं सगळं 'डॉक्सिजन_फाउंड' या अटीच्या आत लिहा, म्हणजे डॉक्सिजन नसलेल्या मशीनवरही बिल्ड अडत नाही.
२. सेटिंगच्या नावाआधी 'डॉक्सिजन_' लावून ती सेट करा. वॉर्न_ॲज_एररला (कागदपत्रात चूक दिसली तर काय करायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगला) 'फेल_ऑन_वॉर्निंग्ज' द्या. 'येस' दिलं तर पहिल्याच चुकीला काम थांबतं. 'फेल_ऑन_वॉर्निंग्ज'मध्ये सगळ्या चुका एकदम दिसतात आणि मग बिल्ड फेल होतो.
३. त्यानंतरच डॉक्सिजन_ॲड_डॉक्सला टार्गेटचं (बिल्डमधल्या या कामाचं) नाव आणि सोर्स फाइल्स द्या. सेटिंग याच्या खाली लिहिली तर लागूच होत नाही.

वेगळी डॉक्सिफाइल (डॉक्सिजनच्या सेटिंगची फाइल) लागत नाही. एचटीएमएल बिल्ड फोल्डरमध्येच बनतं, त्यामुळे गिटमध्ये कचरा जात नाही. कॉमेंट यूटीएफ-८मध्ये ठेवल्या तर मराठीही नीट उमटते, आणि काट्यावरच्या माणसाला वाचून दाखवायला तीच बरी.

जपायचं एकच: डॉक्सिजन_ॲड_डॉक्सला 'ऑल' (नेहमीच्या बिल्डमध्येच कागदपत्रं बनवायचा पर्याय) लावलं तर प्रत्येक बिल्डला डॉक्सिजन पुन्हा धावतं. ३.१५पासूनचं 'यूज_स्टॅम्प_फाइल' ते टाळतं, पण फोल्डरचं नाव न देता एकेक फाइल लिहिली तरच.