जंगलाच्या फोटोतलं आभाळ कापलं, तेव्हा नेचं दिसलं

शेवाळलेलं खोड, त्याला बिलगलेलं कोवळं नेचं. पण नजर सारखी वरच्या कोपऱ्यात पळायची. पानांच्या फटींतून दिसणारं पांढरंफटक आभाळ! डोळा आधी उजळ जागी जातो, म्हणून तो भाग सरळ क्रॉप केला. चौकटीच्या बाजूंचं प्रमाण ३:२ वरून ४:५ झालं, आणि इथेच ठरलं: फोटो नेच्याचा.

मग हिरवा रंग. सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) उतरवलं, छटा किंचित पिवळ्याकडे नेली. शॅडोज (गडद भाग) मात्र उजळल्या नाहीत. जंगलात काळोख हवाच. फक्त नेच्याच्या उलगडत्या, गुंडाळलेल्या टोकावर एडिटिंगच्या ब्रशने एक्स्पोजर (उजळपणा) पाव स्टॉप, म्हणजे किंचित, वाढवलं आणि मागच्या फांद्यांची क्लॅरिटी (कडांचा ठसठशीतपणा) कमी केली. मॅट कागदावर सावल्यांतला तपशील बुजतो, म्हणून प्रिंटच्या प्रतीत तेवढ्या थोड्या उजळल्या.